पाय मी देणार नव्हतो

"पाय मांडीपासून काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शेजारचा कंपाउंडर दोन पावलं मागे सरला.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातली ही गोष्ट. माझा उजवा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता आणि अंगात सपाटून ताप होता. मुंबईत शिकून आलेल्या त्या डॉक्टरांनी आधी 'ॲब्सेस' असं इंग्रजीत सांगितलं, मग समजावलं. सांध्यात पू साचला होता. तो रक्तात शिरला असता, तर मी वाचलो नसतो.

मी पैलवान. सात वर्षं अमरावती-अकोल्याच्या फडांत कुणी माझी पाठ लावली नव्हती. तेव्हा कापसाला असा काही भाव चढला होता, की गाड्या रिकाम्या करून शेतकरी थेट कुस्त्यांना येत आणि माझ्या नावावर फड भरे. कुस्ती हाच माझा धंदा, तीच माझी ऐट. पाय गेला असता तर मी उरलो असतो कशाला?

दुखणं मात्र मीच ओढवून घेतलं. कौंडण्यपूरच्या जत्रेत पहिल्याच कुस्तीत गुडघा फुटला. आम्हा पैलवानांत जखमेत आखाड्याची माती भरायची रीत. हळद, ताक, तेल घालून मळलेली ती माती, आम्ही तिच्या पाया पडतो. मी मूठभर माती भरली, फडकं आवळलं आणि आणखी दोन कुस्त्या मारल्या. आठव्या दिवशी उभं राहवेना. तेव्हा माझ्या वस्तादांनी वर आणखी माती थापली, आणि मी शहाण्यानं थापू दिली.

"चिरा, डागा, काय वाट्टेल ते करा," मी डॉक्टरांना सांगितलं. "पाय देणार नाई."

ते चिडले. मग म्हणाले, "गुडघा उघडतो. तीन दिवस वाट पाहीन. ताप उतरला नाही, तर तुमचं काही ऐकणार नाही."

शुद्ध हरपावी म्हणून रुमालावर क्लोरोफॉर्म हुंगायला दिलं. जागा झालो तसा आधी हातानं पाय चाचपला. होता! पू वाहून जावा म्हणून जखमेत कापडाची वात सोडली होती. तिला ते 'ड्रेन' म्हणत.

दोन दिवस ताप हटेना. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, गाडीवानांची भांडणं, आणि मी आढ्याकडे पाहत पडलेला. खोटं कशाला बोलू, रडलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद आले. नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांनीच मला घडवलेलं. अंजनगावाहून बैलगाडीनं आले होते आणि धोतराच्या सोग्यात माती बांधून आणली होती. डॉक्टर पलीकडच्या खाटेपाशी गेले, तसा वस्तादांनी माझ्या पट्टीला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं.

"सोड बे," ते म्हणाले. "याच मातीनं तुले मोठं केलं. आता तिलेच काहून नाई म्हणून राहिला?"

"तिच्या पाया पडतो, वस्ताद. पण जखमेत भरू देत नाई."

ते उठून गेले. जन्मात पहिल्यांदाच मी त्यांचा शब्द मोडला होता, आणि ते मला गुडघ्याहून जास्त दुखलं.

दुपारी दरदरून घाम फुटला. ताप उतरला.

पाय राहिला, पण 'अँकिलोसिस' झाला, म्हणजे सांधा धरला. गुडघा वाकेना. "कुस्ती विसरा," डॉक्टर म्हणाले. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर मानीन, पण हे काही ऐकलं नाही. वस्ताद दोन महिने बोलले नाहीत. मग एक दिवस आपणच आले आणि गुडघ्याला तेल चोळू लागले.

तुमच्यावर अशी पाळी आली, तर जखम स्वच्छ धुवा आणि माझ्यासारखे आठ दिवस घालवू नका. घाबरलात तर घाबरा, पण विचारायचं ते सगळं डॉक्टरांना तोंडावर विचारा.

वर्षभरानं मी अकोल्याच्या फडात लंगोट लावून उतरलो. समोर विशीतला पैलवान. त्यानं माझा ताठ गुडघा हेरला आणि बघता बघता मला चीत केलं. कुणीतरी मला उठवायला धावलं, त्याला मी हातानंच थांबवलं. दोन्ही पायांवर उभा राहिलो आणि पंचांना विचारलं, "आता कोण येते?"