ताकदीच्या गोळ्या

माझा स्वभाव तापट आहे. त्यातून काही भलं झालेलं मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिलं. एकदा मात्र झालं, चारा छावणीत, चारशे जनावरं आणि निम्म्या गावासमोर.

माय म्हणजे माझी आई. उदगीरकडच्या एका खेड्यात ती माझ्या थोरल्या भावाजवळ राहायची आणि मी नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून होते. ज्या दुष्काळात लातूरला शेवटी रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच दुष्काळातली ही गोष्ट. आमच्या खात्याकडं वाटायला पाणीच उरलं नव्हतं, त्यामुळं रजेचा अर्ज ठेवला की साहेब मान वर न करता सही करायचे. मायच्या आजारपणात त्या रजा मला फार उपयोगी पडल्या.

त्या पावसाळ्यापासूनच माय वाळत चालली होती. टँकर आला की हंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं असणारी बाई दोन पावलं चालून थांबायला लागली, छातीवर हात ठेवायला लागली. ओठ पांढरे पडले. पण त्या वर्षी कोण वाळलं नव्हतं? माणसं वाळली, जनावरं वाळली, बोअर तर आधीच आटले होते. "दुष्काळ हाय माय, अंग कसं धरंल?" असं शेजारीण म्हणायची आणि आम्हालाही ते पटायचं. शौचाला डांबरासारखं काळं होतंय, हे तिनं चार महिने कुणाला सांगितलं नाही. असलं सांगायचं कसं आणि कुणाला? दिवाळीच्या तोंडावर टँकरपाशीच चक्कर येऊन पडली, तेव्हा भावानं तिला जीपमध्ये घालून लातूरला नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून तिथले डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा रक्तावर ही बाई हंडे कशी वाहत होती?"

जठराच्या भिंतीत गाठ निघाली, मोसंबीएवढी. पोटात आतल्या आत रक्त तिथूनच जात होतं. ऑपरेशन झालं, गाठ काढली, तपासायला पाठवली. पंधरा दिवसांनी कागद आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाठीची जात दुर्मिळ आहे, असले रोगी मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत. मला त्या अवस्थेतही राग आला. सात पिढ्या जातीनं आमचा पिच्छा पुरवला, आज्यानं धम्म घेऊन तिला उंबऱ्याबाहेर काढलं, आणि आता पोटातल्या गाठीचीही जात विचारायची पाळी आली. पण हा कॅन्सरचाच एक प्रकार आहे, एवढं त्या कागदातून मला समजलं.

पुढचं नांदेडच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडं बघायचं ठरलं. मायला बाहेर बाकावर बसवून मी आणि भाऊ आत गेलो. डॉक्टर शांत माणूस, घाई नसलेला. मी तडक विचारलं, "वाचेल का?"

"या गाठीत माणूस किती जगेल हे चार-पाच गोष्टींवर ठरतं," ते म्हणाले. गाठ कुठं आहे, हे पहिलं. जठरात असली तर आतड्यातल्यापेक्षा बरी, म्हणजे आपलं नशीब चांगलं. केवढी आहे, तर मोठी, हे वाईट. पेशी किती झपाट्यानं दुणावतात, तर मध्यम. काढताना फुटली का, तर नाही, अख्खी निघाली, लातूरच्या सर्जनचा हात चांगला. "हे सगळं आता जसं आहे तसं आहे. तुमच्या-माझ्या हातात एकच गोष्ट आहे. ही गोळी. रोज एक, भरल्या पोटी, तांब्याभर पाण्याबरोबर. तीन वर्षं. एक दिवसही चुकवायची नाही." मळमळेल, पायात गोळे येतील, डोळ्यांखाली सूज येईल, तरी थांबवायची नाही, हेही त्यांनी सांगितलं.

बाहेर आलो तर माय वाट बघत बसलेली. "काय म्हनले?"

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. आमच्याकडं मोठ्या आजाराचं नाव रोग्यापुढं काढत नाहीत. नाव ऐकूनच माणूस खचतं, निम्मं त्यातच मरतं, अशी सगळ्यांची खात्री. माझीही होती. मी शिकलेली, रोज चार फायली निकाली काढणारी बाई, पण तोंडातून निघालं ते असं : "गाठ गेली माय. आता नुसत्या ताकदीच्या गोळ्या घ्यायच्या."

"ताकदीच्या?" माय म्हणाली. "तीन-चार दिवस घेते मग."

"तीन वर्षं!" मी ओरडले. ती हसली. एवढी ताकद घेऊन मी काय कुस्ती खेळायला जाणार का, म्हणाली.

मग त्या खोट्याला सगळं गाव राबलं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी ओसरीवर भावाशी कुजबुजायचा आणि मग आत येऊन मोठ्यानं म्हणायचा, "आता काय, ठणठणीत झालात की!" जीपवाल्याला माहीत होतं, शाळेच्या मास्तरला माहीत होतं, विहारात वंदनेला जमणाऱ्या बायांना माहीत होतं. माझी भावजय रोज दुपारच्या भाकरीबरोबर एक गोळी फडक्यात बांधून द्यायची, कारण दुपारी माय घरी नसायची. गावाबाहेर चारा छावणी पडली होती आणि माय आमची लालकंधारी गाय घेऊन सकाळीच तिथं जायची. दावणीला गाय बांधायची, वाट्याला आलेला ऊस-कडबा तिच्यापुढं टाकायची आणि पालाच्या सावलीत संध्याकाळपर्यंत बसायची. ती गाय भाकड झाली होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पण मायचा जीव तिच्यात. आमच्यापेक्षा जास्त, असं मी भावाला म्हणायचे आणि त्यात फारशी थट्टा नव्हती.

पहिला महिना मायचे डोळे सुजले. मळमळायचं. मग सगळं ओसरलं. मी फोनवर विचारलं की म्हणायची, "काई न्हाई, लई बेस हाय." चेहरा भरला, चालणं सुधारलं. मी ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. गोळी मानवली, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

छावणीत दिवसभर गप्पांना ऊत. पुरुषांचा विषय एकच, उदगीर जिल्हा कधी होणार. सव्वीस जानेवारीला होणार होता, मग एक मेला होणार होता. एका म्हाताऱ्या बाबांनी तर मला सल्ला दिला, "मायला नांदेडला कशाला फरफटत नेता, बाई? जिल्हा झाला की मोठा दवाखाना हितंच व्हतंय. सहा महिने कळ काढा." माझ्या लहानपणी लातूर जिल्हा झाला तेव्हाही असंच ऐकलं होतं आणि खरंच पुष्कळ काही आलंही, त्या सर्जनसकट. पण गाठीला कुणी सांगावं सहा महिने कळ काढ म्हणून? मी मायला अहमदपूर-लोह्यावरून नांदेडला घेऊन गेले. सहा महिन्यांचा स्कॅन होता.

पुन्हा तेच. माय बाहेर, मी आत. डॉक्टर पडद्यावरचं चित्र बराच वेळ बघत होते. यकृतापाशी एक बारीक डाग होता. "काही नसेलही," ते म्हणाले. "असेलही. तीन महिन्यांनी परत बघू." मग त्यांनी विचारलं, "डोळ्यांची सूज कशी आहे?"

"गेली की!" मी कौतुकानं म्हणाले. "पायात गोळे नाहीत, मळमळ नाही, काहीच नाही. मानवली तिला."

ते हसले नाहीत. "सूज कमी होते. पण इतकं सगळं एकदम जात नाही सहसा. गोळी पोटात जाते ना? बघा एकदा."

परतीच्या बसमध्ये माय खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि मी तिच्याकडं बघत होते. गोळी जात नसेल, हे मला पटेना. रोज एक कमी होत होती. भावजय मोजून देत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारची भाकर घेऊन मीच छावणीत गेले. फडकं मायच्या हाती दिलं आणि दोन पालं सोडून उभी राहिले. मायनं फडकं सोडलं, ठेच्याबरोबर भाकर निवांत खाल्ली. शेवटचा चतकोर बाजूला ठेवला. कनवटीचा गुळाचा खडा काढला, गोळी त्यात दाबली, खडा चतकोरात गुंडाळला. आणि उठून गाईच्या तोंडात घातला. वर तिच्या गळ्याखाली खाजवत म्हणाली, "खा माय. तुला गरज हाय."

तिथून पुढं माझा तोल गेला. "काय करून राहिलीस?" मी ओरडले. सगळ्या माना वळल्या, जनावरांच्यासुद्धा. माय दचकली. "अगं, भाकड पडली तवापासून हिच्यात जीव न्हाई," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "मला ती गोळी उष्ण पडती, डोळे सुजतेत. मी आता बरी हाय. ताकद हिला पायजे का मला?"

"ती ताकदीची गोळी न्हाई!" मी म्हणाले. "कॅन्सरची हाय! तुला कॅन्सर झालाय, माय!"

छावणीतलं उदगीर जिल्ह्याचं बोलणंसुद्धा थांबलं. गुळाचा खडा चघळणारी गाय तेवढी आपल्या कामात होती. सहा महिने सगळ्या गावानं जपलेलं मी एका दमात सांडून टाकलं होतं.

माय खचली नाही. ती हळूच खाली बसली, पदरानं तोंड पुसलं. मग विचारलं, "कुनाकुनाला म्हाईत व्हतं?"

मी खाली मान घातली. "दादाला. वहिनीला." मग मागं लपलेल्या चेहऱ्यांकडं बघून म्हणाले, "सगळ्यांनाच."

"हाव," माय म्हणाली. "म्हंजी मलाच म्हाईत नव्हतं. मला आन् हिला." तिनं गाईकडं बोट केलं. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मायनं तिकडं लक्ष दिलं नाही. "मला सांगितलं असतं तर एक तरी गोळी सोडली असती का मी? मरायची हौस हाय का मला?" आणि मग, आवाज उतरवून, "हिला काय व्हईल का गं?"

मी डॉक्टरांना फोन लावला. गाईची नोंद कुठल्या पुस्तकात नाही, म्हणाले, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. आणि मायला आत्ता, याच घटकेला गोळी द्या. पाच महिन्यांच्या गोळ्या गेल्या, त्याचं काय, मी विचारलं. "गेल्या त्या गेल्या. आजपासून मोजू." एका पोरानं पळत जाऊन घरून दुसरी गोळी आणली. मायनं तिथंच, सगळ्यांच्या देखत, टँकरच्या पाण्याचा अख्खा तांब्या पिऊन गोळी गिळली.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भावाशी तर पंधरा दिवस. पण गोळ्यांची पाकिटं तिनं भावजयीकडून स्वतःकडं घेतली आणि ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवली. दुपारची भाकर झाली की गोळी. डोळे सुजले, पायात गोळे आले, रात्री-अपरात्री उठून पाय चोळत बसायची. सूज दिसली की आम्ही खूश, आणि आमची खुशी बघून ती आणखी चिडायची. विहारात बायांना तिनं स्वतःच सांगितलं, मला कॅन्सरची गाठ व्हती, काळं पडायचं, मी लपवलं, तुमी लपवू नका. त्यानंतर दोघीजणी तिच्यापाशी हळूच काहीबाही सांगून गेल्या. तिनं दोघींनाही उदगीरला दवाखान्यात पिटाळलं. एकीला मूळव्याध निघाली, दुसरीला काहीच निघालं नाही, आणि मायला त्याचा केवढा आनंद. गाय पुढच्या पावसाळ्यात चांगली भरली. त्याचं श्रेय ती अजून त्या गोळ्यांना देते आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा नांदेड. स्कॅन झाला, डॉक्टरांच्या खोलीबाहेर आमचा नंबर पुकारला आणि मी सवयीनं उठले. मायनं माझा खांदा खाली दाबला.

"तू बस. पोट माझं हाय."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. त्या बाकावर मी पहिल्यांदाच बसले होते. समोरच्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा मला पाठ झाला. आतून आवाज येत नव्हता. ती इथं कशी बसत असेल, आम्ही आतून काय तोंड करून बाहेर येत असू आणि तिला ते काय दिसत असेल, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. भीती तर इतकी वाटली की मी मनात पाच महिन्यांच्या गोळ्या एकेक करून मोजायला लागले.

दार उघडलं. मायच्या चेहऱ्यावर काही कळेना. माझ्याशेजारी बसली, पदर सारखा केला.

"डाग दिसत न्हाई," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनले, गाठीचाच व्हता का दुसरा कशाचा, ते आता सांगता येत न्हाई. गोळी सोडायची न्हाई. पुन्यांदा उगवनारच न्हाई असं बी न्हाई म्हनले. पन आज न्हाई."

"खरं सांगतीस ना, माय?"

"मी कशाला खोटं बोलू? ती खोड तुमची."

आता रडू येणार हे मला कळलं. या सगळ्या दिवसांत मी ऑफिसात रडले होते, बसमध्ये रडले होते, तिच्यासमोर एकदाही नाही. ताकदीच्या गोळ्या घेणाऱ्या बाईसमोर रडायला कारण काय दाखवणार? तोंड धुवून येते म्हणून मी उठले. तिनं माझं मनगट धरलं आणि ओढून मला परत खाली बसवलं.

"कुठं चाललीस?" माय म्हणाली. "हितं माझ्यापुढं रड."