कपाळावरची रोम

"उव्हेर तो लाबूस. तोंड उघड."

आमच्या बेटावरच्या कांप दे मास्क गावच्या उसात, सकाळच्या नऊच्या उन्हात, सरदार, म्हणजे आमचा मुकादम, मला असं म्हणाला. बायामाणसांची अख्खी रांग कोयते थांबवून बघत होती. मी तोंड उघडलं. त्यानं नाक जवळ आणलं, नासकं मटण हुंगावं तसं हुंगलं. मग रांगेकडं वळून म्हणाला, "सूलार." म्हणजे दारुडा. लोक हसले. माझ्या सख्ख्या साडूनंही दात काढले. मी पाहिलं ते.

मी रोम, ती उसाची दारू, कधी प्यालो नाही. पिणारा माझा बाप होता, तेवढं घराला पुरं झालं.

माझं अर्धं डोकं दुखायचं. डावं. आधी डोळ्यापुढं काचेचे तुकडे नाचायचे, मग डोळ्यामागं कुणी कुदळ मारतंय असं व्हायचं, मग ओकारी. आई याला अर्धशिशी म्हणायची. बायको रोममध्ये कापूर विरघळवून त्याचं फडकं कपाळाला बांधायची. आमच्याकडं घरोघरी हाच इलाज. सरदार काही परका नव्हता, आपलाच, मराठी. त्याच्याही आईनं त्याला तेच चोळलं असणार. वास कपाळाचा की तोंडाचा, हे त्याला कळत नव्हतं? कळत होतं. म्हणून तर जास्त लागलं.

आठ-नऊ वर्षं मी तोंड उघडत राहिलो. मधे बेटाला स्वातंत्र्य आलं, झेंडा बदलला. माझं तोंड उघडंच.

लग्नाला गेलो की ढोलकीनं डोकं फुटायचं. मधेच उठलो तर म्हणायचे, गेला प्यायला. नाही गेलो तर म्हणायचे, पिऊन पडला असंल. हळूहळू बोलावणीच थांबली. मग मीही सगळ्यांवर नजर ठेवू लागलो. दोघं कुजबुजले की वाटायचं, माझंच. बायको शेजारणीशी हसली तरी विचारायचो, कशाला हसलात. त्यापायी ती किती रडली ते मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

शेवटी तिनंच मला सरकारी इस्पितळात ओढून नेलं. डॉक्टर तरणा होता. त्यानं तोंड हुंगलं नाही. डोळ्यात बत्ती मारली, पुष्कळ विचारलं, आणि कागदावर लिहिलं, मिग्रेन, म्हणजे आईची अर्धशिशीच. गोळ्या दिल्या. हे मुळातून जाईल असं मी सांगत नाही, म्हणाला. सरळ माणूस वाटला. तरी पहिल्यांदा मी गोळी अर्धीच खाल्ली.

बायको म्हणाली, "आता हा कागद दाखवा त्या सरदाराला. गप बसंल."

त्या वर्षी गणपतीला देवळात झांज माझ्याकडं होती. देवळाच्या समितीचा प्रधानही तोच सरदार. दुपारपासून डोकं उठलेलं, कपाळाला फडकं बांधूनच मी आलो. आरतीच्या आधी तो सगळ्यांदेखत माझ्यापुढं उभा राहिला.

"देवापुढं पिऊन आलास? फुंक."

बायको बायकांतून खुणावत होती, कागद काढा. माझा हात खिशात गेला. कागद बोटांना लागला. आणि हात तिथंच थांबला.

इतकी वर्षं मी सांगत होतो, डोकं दुखतंय. आईचा शब्द, माझा शब्द. कुणी ऐकला नाही. आता त्याच दुखण्याचं फ्रेंच नाव लिहिलेला कागद काढला की हेच सगळे माना डोलावणार. म्हणजे कागद खरा, आणि मी? मी अजून खोटाच.

हात रिकामा बाहेर काढला.

म्हटलं, "मी प्यालेलो नाही. माझं डोकं दुखतंय. फुंकणार नाही."

"मग झांज ठेव."

ठेवली नाही. आरती पूर्ण वाजवली. एकेक ठोका डोळ्यात खिळा ठोकल्यासारखा. कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही, हे मी मोजून लक्षात ठेवलंय.

सोमवारी उसात त्यानं पुन्हा फुंक म्हटलं. मी कोयता खांद्यावर टाकला आणि चालू लागलो. परत गेलो नाही. घरामागच्या तुकड्यात भाजी लावली. वाईट दिवस आले, कसे काढले ते बायकोला माहीत.

डोकं अजून दुखतं. तो कागद मी आजवर कुणालाच दाखवला नाही. दुखतंय म्हटलं की दुखतंय. ज्याला एवढ्यावर पटत नाही, त्याच्यापुढं मी मरेपर्यंत काही सिद्ध करणार नाही.