भाभीची चाळण

आज सकाळी लेकीने ह्यांना विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी व्हॅलेंटाइन डे कसा असायचा?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. दोघांनाही एकच गोष्ट आठवली... चाळण.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नवीन लग्न, हे कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, आणि आमची चाळीत एक खोली. शेजारी उत्तर प्रदेशातली सरोजभाभी. तिचा नवरा, आमचे भैया, ह्यांच्याच प्लांटवर.

वटपौर्णिमेला मी वडाला दोरा गुंडाळताना भाभी सोबत आली होती. सात जन्मांचं ऐकून खूप हसली. म्हणाली, "हम तो इसी जनम का माँगते हैं, पर पानी तक नहीं पीते." मी म्हटलं, म्हणजे आमचं होलसेल आणि तुमचं रोखीचं!

मग तिची करवा चौथ आली. भैया फर्स्ट शिफ्ट करून घरी, हे सेकंडला. संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीवर चंद्राची वाट बघत उभे... बिचारीचे ओठ पांढरे पडले होते.

चंद्र वर आला. तिने चाळणीतून आधी चंद्र पाहिला, मग भैयांचा चेहरा. आता भैयांच्या हातून पाणी प्यायचं एवढंच उरलेलं. तेवढ्यात तिला चेष्टा सुचली आणि चाळण माझ्या हातात दिली. "तू भी देख ले. जिधर से आते हैं, उधर देख."

मी आपली गंमत म्हणून खाली रस्त्याकडे चाळण धरली... आणि हे दिसले. दिव्याच्या खांबाखाली, कंपनीच्या कपड्यांत, ओलेचिंब. तोंड वर करून थेट माझ्याकडे बघत होते.

चाळण खाली घेतली. रस्ता मोकळा, कोरडा ठणठणीत.

 मी कसंबसं सांगितलं. वाटलं, भैया चेष्टा करतील. पण ते हसले नाहीत. "भीगे हुए? वर्दी में? प्लांट में आदमी एक ही जगह भीगता है."

ती जागा म्हणजे सेफ्टी शॉवर. अंगावर केमिकल उडालं की साखळी ओढायची आणि त्याच्याखाली उभं राहायचं. भाभीने पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. "आप जाइए. पानी बाद में."

भैया मोटरसायकल काढून गेले. मी आणि भाभी गच्चीवरच बसलो, एकमेकींचा हात घट्ट धरून. त्या वेळी काय काय मनात आलं ते आजही लिहवत नाही.

वॉचमन ओळखीचा, भैया तसेच आत धावले. प्लांटच्या मागच्या कोपऱ्यात पाईपचा जॉइंट सुटला होता, आणि तिकडे हे एकटेच. शॉवरखाली केमिकलच्या वाफेने गुदमरून खाली बसलेले... पाणी चालूच. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं.

भाभी माझ्यासोबत दवाखान्यात आली. हे धोक्याबाहेर असल्याचं कळल्यावर तिथल्याच नळाचं पाणी भैयांच्या ओंजळीतून प्यायली. दिवसभरातलं पहिलं.

मी आत गेले. गच्चीवरचं ह्यांना अजून कुणीच सांगितलं नव्हतं. माझा हात धरून हे हळूच म्हणाले, "शॉवरच्या जाळीला भोकं असत्यात ना बारीक... त्यातनं तू बघत व्हतीस माझ्याकडं. म्हनून डोळं मिटलं न्हाईत मी."

आजपर्यंत मला ह्याचा अर्थ लागलेला नाही, आणि लावायचाही नाही. भाभी गावी परत जाताना ती चाळण मला देऊन गेली. मी त्या चाळणीने कधी पीठ चाळलं नाही, आणि तिच्यातून पुन्हा पाहायची हिंमतही केली नाही.

पण करवा चौथ आली की ह्यांच्या हातून पाणी पिते... भाभीच्या वाट्याचा एक घोट आधी.