पोट साफ होईना, आणि दाराबाहेर कुणीतरी

मैत्रिणींनो, लाज सोडून लिहितेय. वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. आज पोट साफ न होण्याचा सहावा दिवस होता.

दुपारी घरात एकटीच होते. परसातल्या संडासात बसलेली असताना दाराबाहेर कुणीतरी जड श्वास घेतला. दाराखाली सावली थांबली.

"कोण हाय?"

दार हळूहळू आत ढकललं गेलं.

दूध सोसायटीच्या चारा छावणीतून सुटलेली गाय होती. माझ्या बादलीतलं पाणी तिनं एका दमात संपवलं.

तिच्याकडं बघताना लक्षात आलं, सकाळपासून मी घोटभरही पाणी प्यायले नव्हते. टँकर चार दिवसांनी येतो, घरात सगळेच पाणी जपून पितात, म्हणून कुणी टोकलंही नाही.

सासूबाई शेतातून आल्या आणि त्यांनी एरंडेल काढलं. मी आधी डॉक्टरांना फोन लावला.

"एरंडेल नको. घड्याळ लावून घोटघोट पाणी प्या, थोडं चाला, लिहून दिलेलं औषध घ्या. पोट दुखलं, उलटी झाली तर लगेच या."

सासूबाईंनी आपला तांब्या माझ्यापुढं ठेवला. "पे. आमी भागवू."

संध्याकाळी मोकळी झाले.

ऑपरेशननंतर तुमची तहान गेली होती का? परत कधी आली? मला अजून लागलेली नाही.