अध्यक्षांना नाही म्हणणारा कॉम्प्युटर

रविवार, दुपार. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल माफ करा.

अण्णा गेले. आणि ज्यांनी त्यांचं काम पुसून टाकलं, त्यांनीच चौकात त्यांचा फ्लेक्स लावलाय.

‘संगणक महर्षी’.
अण्णांचा चेहरा पासपोर्ट फोटोएवढा. मंडळाच्या अध्यक्षांचा परातीएवढा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अण्णा पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले मास्तर. आमच्या गल्लीच्या तरुण मंडळाच्या अभ्यासिकेत, माडीवर, एक जुना कॉम्प्युटर पडून होता. अण्णांनी त्यावर लिनक्स टाकलं आणि दर रविवारी आम्हाला कमांड लाइन, म्हणजे हुकूम टाइप करून कॉम्प्युटर चालवायला, शिकवायला लागले.

माउस काढून कपाटात ठेवला.

“हॉटेलात मेनूकार्डावरच्या फोटोवर बोट ठिवून जेवण मागतंस व्हय? देवानं तोंड दिलंय न्हवं? नाव घेऊन माग की.”

पहिली कमांड pwd. आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत, ते सांगणारी.

“आधी बघ कुठं हाईस. मग हात चालव. rm मारून फाइल पुसलीस की ती कचरापेटीत जात न्हाय. जातं ते जातंच.”

मग ls -l. प्रत्येक फाइलपुढची ती बारीक अक्षरं. कोण वाचू शकतं, कोण बदलू शकतं. मालक, त्याचा गट आणि बाकीचे.

“गणपतीचं दर्शन सगळ्यांना. आरास हलवायची ती कार्यकर्त्यांनीच. परमिशन म्हंजे एवढंच हाय.”

त्याच कॉम्प्युटरवर पुरातले फोटो होते. म्हणजे गल्लीतल्या घराघरांतले अल्बम, जे चिखलात गेले. अण्णांनी ते ओले गठ्ठे गोळा केले, एकेक फोटो सोडवला, वाळवला, स्कॅन केला. मूळ फोटो नंतर बुरशीने संपले. स्कॅन तेवढे उरले.

गल्लीतल्या म्हाताऱ्या आक्काताईंच्या लग्नाचा फोटो त्यातलाच. त्यांच्या मालकांचा जगातला एकमेव फोटो.

अण्णा प्रिंट काढून देत होते. आक्काताईच नको म्हणाल्या.
“परत पाणी आलं म्हंजे? हितंच ऱ्हाऊ दे. माडीवर हाय.”

मग त्या माडी चढून यायच्या, दारात चप्पल काढायच्या, स्क्रीनसमोर जरा वेळ बसायच्या आणि जायच्या.

त्या फोल्डरला अण्णांनी परमिशन अशी लावली होती: बघायला सगळ्यांना, बदलायला फक्त अण्णांना.

अध्यक्षांना त्यातच स्वतःच्या वाढदिवसाचा व्हिडिओ टाकायचा होता. कारण लोक तोच फोल्डर उघडतात.

स्क्रीनवर आलं, Permission denied.

“मला? मंडळाच्या अध्यक्षाला न्हाय म्हणतंय?”

“त्याला अध्यक्ष कळत न्हाय ओ,” अण्णा म्हणाले. “मालक, गट आणि बाकीचे, एवढंच कळतं.”

“म्हंजे आम्ही बाकीचे?”

अख्खी मीटिंग त्या अपमानावर गेली. शेवटी ठराव झाला, सगळ्या मेंबरांना सगळे हक्क. दुसऱ्या डिस्कवर एक कॉपी ठेवूया, असं अण्णा परत एकदा म्हणाले. तो विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

अण्णांनी पासवर्ड सांगितला, चप्पल घातली आणि निघून गेले.

सेक्रेटरींनी इंटरनेटवरून उचलून chmod -R 777 मारली. सगळं सगळ्यांना खुलं. कुणीही यावं, काहीही पुसावं. याला ते लोकशाही म्हणत होते.

वाढदिवस आला. व्हिडिओला जागा पुरेना. निवडणुकीची जुनी पोस्टरं काढू म्हणून सेक्रेटरींनी rm -r * मारलं, म्हणजे इथलं असेल ते सगळं पूस.

pwd न बघता.

ते पोस्टरांच्या फोल्डरमध्ये नव्हतेच. फोटोंच्या फोल्डरमध्ये होते.

अण्णा धापा टाकत आले. प्लग काढला. “आता कुणी चालू करू नगासा. वरनं नवीन काय लिहिलं न्हाय, तर अजून सापडंल.”

अण्णा घरी गेले. संध्याकाळी केक आला.

मंडळवाल्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि मोकळ्या झालेल्या जागेत व्हिडिओ कॉपी केला.

पुढे कितीतरी दिवस अण्णा तिथे बसून फोटो शोधत होते. पुसलेल्या जागेतून बाहेर यायचा तो अध्यक्षांचा केक. कधी अर्धा, कधी सुरीसकट.

मी अन्याय करतेय का? सकाळपासून स्वतःला विचारतेय. पुरात छातीएवढ्या पाण्यात होडी ओढणारे हेच अध्यक्ष होते. आक्काताईंना त्यांनीच बाहेर काढलं. ते मी विसरलेली नाही. चूक कुणाच्याही हातून होते, हेही मान्य.

पण नंतर? आक्काताईंना काय सांगायचं, असं विचारलं तर म्हणाले, “अण्णा बघत्यात की.”

माणूस पुरात उतरतो आणि म्हाताऱ्या बाईच्या उंबऱ्यात जायला घाबरतो. मला किळस येते ती याची.

आणि अण्णा, तुम्हीसुद्धा. आम्हाला “जातं ते जातंच” शिकवणारे तुम्ही, आक्काताईंना शेवटपर्यंत “शोधतोय, शोधतोय” म्हणत राहिलात. यावर तुमच्याशी भांडायचं होतं. राहिलं.

आज अण्णांना घेऊन गेल्यावर आक्काताईंनी माझा हात धरला.

“अण्णा गेलं. आता माझ्या मालकांचं कोण बघायचं गं?”

अध्यक्ष शेजारीच उभे होते. मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो पाठवत होते.

“अध्यक्ष, सांगा की त्यांना,” मी म्हटलं.

“आत्ता नगो. बघू की उद्या.”

अण्णा, श्रद्धांजली चौकात मोठ्या अक्षरांत छापलेली आहे. माझा तुम्हाला साधा नमस्कार.

उद्याचं काम: अध्यक्षांना घेऊन आक्काताईंच्या घरी जायचं. फोटो आता मिळणार नाही, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत तिथून हलायचं नाही.