द्वारकाबाई नैरोबीला गेल्या
मुकुंदवाडीच्या द्वारकाबाई विमानानं आफ्रिकेला निघाल्या, तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाईनं जन्मभर कष्ट काढले, आता कुठं सुखाचे दिवस आले. द्वारकाबाई नुसत्या हसल्या. आपण कशाला चाललोय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मुलगा रामकिसन नैरोबीत एका कारखान्यात इंजिनिअर होता. सून कावेरी बाळंत व्हायची होती आणि तिला आई नव्हती.

द्वारकाबाई मूळच्या वैजापूरच्या, लग्न होऊन औरंगाबादेत मुकुंदवाडीला आल्या आणि काही वर्षांतच सासूच्या खाटेला बांधल्या गेल्या. सासूबाई दगडाबाई न्हाणीत घसरून पडल्या, त्या पुढं उठल्याच नाहीत. त्यांचं हागणंमुतणं काढता काढता द्वारकाबाईंचे केस पिकायला लागले. सासू गेली, आता जरा पाठ टेकावी म्हणलं, तर नवऱ्याला लकवा मारला. बद्रीनाथ एसटीच्या वर्कशॉपात कामाला, अंगानं दणकट. त्यांना कुशीवर वळवायचं म्हणजे ज्वारीचं भरलं पोतं फिरवल्यासारखं. तेही वर्षानुवर्षं चाललं. ते गेले त्या दिवशी रडून झाल्यावर द्वारकाबाई भिंतीला टेकल्या आणि बसल्या जागी झोपी गेल्या. लोक म्हणाले, धक्का बसलाय. धक्का कशाचा, झोप होती ती. आतून सुटल्यासारखंही वाटलं होतं, पण ते त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नाही.

नैरोबीत मुलाचं घर उंच इमारतीत होतं. आफ्रिका म्हणजे वैजापूरच्या मे महिन्यासारखं ऊन असंल असं त्या धरून चालल्या होत्या, पण ऐन आषाढात तिथं त्यांना स्वेटर घालावा लागला. नात झाली, गोरीगोमटी, पण रडकी. बाळंतपणाची रजा संपली तशी कावेरी कामावर जायला लागली. मग सकाळपासून दिवेलागणीपर्यंत द्वारकाबाई, ती नात आणि खिडकीतून दिसणारा रस्ता. न्हाऊ घालायचं, दूध पाजायचं, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायच्या. रात्री पोर उठली की त्याच उठायच्या, कारण पोराला आणि सुनेला सकाळी कामावर जायचं असायचं. थकलात का असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, नाय, मला सवय हाय.

एका रविवारी रामकिसननं ठरवलं, आईला शहर दाखवायचं. आधी ते शहराला लागूनच असलेल्या जंगलात गेले. तारेच्या कुंपणाआत माळच्या माळ पसरलेला, आणि मागं आभाळाला टेकलेल्या इमारती. त्यांची जीप एका झाडाखाली थांबली. तिथं सिंहीण निजली होती, चारी पाय सोडून, पोट वरखाली होत होतं. बाकीच्या गाड्यांतले लोक ती उठायची वाट बघत ताटकळले होते. द्वारकाबाईंना वाटलं, झोपू द्या की तिला.

मग जिराफ झाले. उंच लाकडी सज्ज्यावर उभं राहून त्यांनी हातावर खुराक धरला, तेव्हा जिराफानं लांबलचक जीभ काढून तो उचलला. जीभ बैलाच्या जिभेसारखीच खरखरीत लागली आणि त्यांना थोडं बरं वाटलं. तिथून कावेरीच्या आवडीचं ठिकाण, वेगवेगळ्या जमातींची घरं जिथं बांधून ठेवलीत ते. शेणामातीनं सारवलेल्या एका भिंतीवर द्वारकाबाईंनी तळवा ठेवून पाहिला. आपल्याकडच्यासारखंच सारवण होतं. मोठ्या मांडवात ढोल घुमले, नाच झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना मात्र बाहेर येताना दिसली ती एक नाचणारी बाई. मांडवाच्या मागच्या पायरीवर बसून ती आपल्या घोट्यांना तेल चोळत होती. दोघींची नजरानजर झाली. द्वारकाबाईंनी मान हलवली, तिनंही हलवली.

पुढच्या रविवारी हत्तींची पाळी आली. आई मेलेली, वाट चुकलेली पिल्लं जिथं सांभाळतात तिथं ते गेले. लांब कोट घातलेली माणसं पिल्लांना घेऊन आली आणि मोठाल्या बाटल्यांनी दूध पाजू लागली. दूध संपलं की पिल्लं त्या माणसांच्या अंगाला अंग घासायची, मागं मागं फिरायची. तिथला एक माणूस इंग्रजीत माहिती सांगत होता आणि रामकिसन ती आईला मराठीत सांगत होता. लहान पिल्लाला एकटं झोप येत नाही, म्हणून एक माणूस रात्रभर त्याच्या खोलीत निजतो, मध्ये मध्ये उठून दूध देतो.

द्वारकाबाईंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही विचारलं. "त्याला इचार, रातभर जो जागतो तो दिवसा काय करतो?"

रामकिसननं विचारलं. माणसानं सांगितलं की माणसं बदलत राहतात. रोज तोच माणूस ठेवला तर पिल्लू त्याच्याशिवाय दूध पीत नाही. तो सुट्टीवर गेला की उपाशी राहतं. आणि माणसालाही विसावा लागतोच की.

एवढं ऐकून द्वारकाबाई बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या. मग ते गाडीत बसून घरी निघाले. नात मागच्या सीटवर कावेरीच्या मांडीवर होती. रामकिसननं सहज विषय काढला, की आईचा व्हिसा वाढवून घेऊ, मुकुंदवाडीचं घर भाड्यानं देऊन टाकू, तिथं एकटीनं राहून करायचं काय.

तेव्हा त्या म्हणाल्या, "रामकिसन, तुझ्या बापाची वर्कशॉपात शिफ्ट बदलायची. माझी कवा बदलली रे?"

आवाज चढलेला नव्हता.

कावेरीला वाईट वाटलं होतं. पोर जड झाली असा तिनं अर्थ काढला होता. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी भाजी निवडताना तीच बोलली.

"आत्याबाई, तुम्ही कधी म्हणलाच नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला आवडतंय सगळं."

"आवडतंय बी," द्वारकाबाई म्हणाल्या. "पोर माझीच हाय. पण जीव थकलाय, माय. झोपंनं शीण जाईना असा थकलाय."

कावेरीनं निवडायची भाजी स्वतःकडं ओढून घेतली आणि त्यांना आत जाऊन पडायला सांगितलं.

त्यानंतर दिवसा येणारी एक बाई ठेवली. रात्री रामकिसन उठायला लागला. पहिल्यांदा त्याला लंगोटही धड बांधता येईना. नवी बाई पोरीला उचलायची तेव्हा पोर आजीसाठी टाहो फोडायची, आणि द्वारकाबाई दाराआड पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या राहायच्या. धावून जावंसं वाटायचं. हळूहळू पोर त्या बाईच्या खांद्यावरही झोपायला लागली. त्याचा त्यांना आनंद झाला आणि थोडं दुखलंही. व्हिसा कुणी वाढवला नाही. ठरल्या दिवशी त्या परत आल्या.

गल्लीतल्या बायकांनी जिराफाची आणि सिंहाची हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दिवाळी झाल्यावर सासरच्या गावाहून, देवगाव रंगारीहून, पुतण्या कडूबा आला. त्याची आई भागूबाई, म्हणजे द्वारकाबाईंची थोरली जाऊ, अंथरुणाला खिळली होती. चहा घेता घेता त्यानं सांगितलं, की माय तुमचंच नाव काढती, तुमच्यावाणी सेवा आमच्या घरात कुणाला जमत नाय.

आधीच्या द्वारकाबाई असत्या तर त्यांनी लगेच पिशवी भरली असती.

"येते," त्या म्हणाल्या. "आठ दिवस येते. पुढचे आठ दिवस तुझी बायको, मंग तू."

"मी?" कडूबा म्हणाला. "मला नाय जमायचं, काकू."

"जमंल. मला तरी कुठं जमत व्हतं पहिल्या दिवशी."

कडूबाला ते रुचलं नाही. देवगावात चार लोकांनी नावंही ठेवली, बाई विमानात बसून आली अन् बदलली म्हणून. द्वारकाबाई मात्र बोलल्याप्रमाणं गेल्या. त्यांनी जावेला न्हाऊ घातलं, पाठीला पावडर लावली, आणि रोज एकदा कडूबाला हाताखाली घेऊन आईला कुशीवर कसं वळवायचं ते शिकवलं. त्याची मान शरमेनं खाली असायची, पण तो शिकला. भागूबाई लेकाचा हात धरून एकदा रडल्या.

आठवडा सरला तशी द्वारकाबाईंनी एसटी धरली. घरी येऊन एकटीपुरती भाकर टाकली, जेवल्या, आणि दुपारभर निजल्या. उठल्या तेव्हा अंग तसंच मोडून आलेलं होतं. इतक्या वर्षांचा शीण काही एका झोपेत जात नाही, हे त्यांना कळत होतं. त्या उठून तोंड धुऊन परत आडव्या झाल्या.