जागीरदारांची आडवी गोळी

पाणचक्कीच्या पाण्याची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. निदान मी हजर होतो तेवढा तरी. हजर नव्हतो तो भाग त्याहून खरा, कारण तो मी नीट बसून जुळवलाय!

आमच्या औरंगाबादेत छावणीच्या रस्त्यावर रहमतचाचांचं बंदूक रिपेरीचं दुकान. मी सुतार, त्यांच्याकडं बंदुकांचे लाकडी दस्ते तासायचो. तिथं किस्से लोखंडाच्या किसासारखे साचायचे. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी पुन्हा पायाखाली.

*

एकदा हवालदार बाबूमियाँ रायफलीच्या नळीत डोळा घालून बसले. आतले आटे गोल गोल फिरत गेलेले.

"चाचा, नळी तो सीधी है. मग आत हा पीळ कशाला?"

चाचांनी एक भोवरा फिरवून दाखवला. "फिरतोय तोवर उभा. थांबला की आडवा. गोळीचं बी तसंच. पीळ तिला फिरवतो, म्हणून ती नाकासमोर जाते."

दुसऱ्या दिवशी हवालदार पुन्हा दारात.

"चाचा, माझ्या रायफलीत दुप्पट पीळ घाला. मला दुप्पट सरळ पायजे!"

*

पुढं त्यांना जुन्या बाजारात तशी रायफल मिळालीही, भलत्याच घट्ट पिळाची. त्यात ह्यांनी गोळीचं तांब्याचं कवच कानशीनं घासून पातळ केलं. का, तर आतलं शिसं मऊ, जनावराला "बराबर लागतं"!

माळावर भोपळा ठेवला. बार उडाला, मध्येच हवेत राखाडी फुसकारा दिसला अन् भोपळा जागेवर जसाच्या तसा.

"गोळी कुठं गेली, चाचा?"

"इतकी गरगरली की अंगरखाच फाटला. हवेतच भुगा झाला तिचा."

हवालदारांनी छाती फुगवली. "म्हणजे चारी दिशांना नेम लागला म्हणा की!"

*

जागीरदारसाहेबांची गोष्ट नेमकी उलटी. नवी नळी बसवताना त्यांचाच हुकूम होता, "पीळ कमी ठेव, नायतर नळी लवकर झिजते." चाचांनी ठेवला. असल्या नळीला आखूड गोळी लागते. लांब गोळी फिरवायला तेवढा पीळ पुरत नाय. अन् साहेबांनी हैदराबादेहून आणल्या बोटाएवढ्या लांब!

गारखेड्याच्या माळावर चांदमारी झाली. टार्गेटच्या कागदावर गोल भोक एकही नाय. सगळ्या फटी, आख्खी गोळी झोपवून कापल्यासारख्या.

"हुजूर, गोळी आडवी आली," चाचा म्हणाले.

मी आपला सावरायला गेलो. "लांबचा प्रवास, हुजूर. दमून आडवी झाली असंल."

साहेब भडकले! "गुरुवारी पाव्हणे येतायत. त्यांच्यासमोर गोळी नाकासमोर गेली नाय, तर रहमत, दुकानाचं लायसन रद्द करवतो!" हातातली गोळ्यांची पेटी माझ्या पायाशी आदळून निघाले.

चाचांचं आख्खं घर त्या लायसनवर जगत होतं. ते मागं धावले. "हुजूर, फक्त गोळी आखूड घ्या."

"जागीरदाराची गोळी अन् आखूड? पाव्हणे काय म्हणतील?"

चाचा दुकानात येऊन कपाळाला हात लावून बसले. तोड मी सुचवली. चाचा म्हणतात, त्यांनी.

*

गुरुवारी पाव्हणे माळावर खुर्च्यांत बसले. तेवढ्यात आले बाबूमियाँ, पट्ट्यात त्याच आदळलेल्या पेटीतल्या लांब गोळ्या खोचून. त्यांच्या मागं साहेबांचा पाणक्या, मुंडाशात एक लांब गोळी. त्याच्या मागं घोड्याचा मोतद्दार. कानावर लांब गोळी!

साहेबांचे डोळे पांढरे झाले. "ह्यांच्याकडं माझ्या गोळ्या?"

"काय सांगावं हुजूर, लांब गोळी आजकाल कुणीबी मिरवतं." चाचांनी हळूच मखमली डबी उघडली. आत आखूड गोळ्या. "ह्या मात्र खानदानी लोकांच्या. म्हणून बाहेर काढत नाय."

साहेबांनी खिशात उरलेल्या आपल्या लांब गोळ्या मोतद्दाराच्या ओंजळीत ओतल्या अन् डबीतली एक भरली. मग दुसरी, मग तिसरी. कागद आणला. भोकं गोल गरगरीत, सगळी तळहाताखाली झाकतील अशी! पाव्हणे "वाह वा" करत उठले.

साहेबांनी टोपी काढली, चाचांचा हात धरला. "रहमत, माफ कर. तुझं खरं होतं."

हे शेवटचं तेवढं मी रचलं. साहेब खरं तर डाफरले, "इतका भारी माल इतके दिवस माझ्यापासून लपवलास?"

अन् माफी मागितली ती चाचांनी!